दामल्यांचा हिराकस

केमिकल नको म्हणणाऱ्या माणसापासून मी चार हात लांब राहतो, आणि त्याला कारण आमच्या कोथरूडच्या सोसायटीतले दामले. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, साठीनंतर पुन्हा लग्न करायचं त्यांच्या मनात आलं. पेठेतल्या एका निवृत्त बाईंना भेटायला जायचं ठरलं. आदल्या दिवशी मला म्हणाले, "केस काळे करतोय. बाजारचा डाय नाही हं, त्यात केमिकल असतं. हिरड्याच्या काढ्यात हिराकस घालून लावणार. मंडईजवळून आणलाय. एकदम नैसर्गिक."

"अहो दामले, हिराकस काय झाडाला लागतो? लोखंडावर गंधकाचं तेजाब ओतलं की हिरवे खडे होतात, तो हिराकस. आमच्या आजोबांच्या वेळी तो हिरड्यात घालून शाई करायचे, चपलेचं कातडं काळं करायचे."

"म्हणजे पारंपरिकच की."

दुसऱ्या दिवशी सोबतीला मला नेलं. केस काळे, कपाळ काळं, कान काळे, आणि बोटं तर पार नखांपर्यंत काळी. बाईंनी चहा दिला, कप धरलेले हात नीट पाहिले आणि विचारलं, "दहाही बोटांनी मतदान करून आलात का?"

दामले उत्साहानं म्हणाले, "छे हो, नैसर्गिक आहे हे."

"असेल. पण आमचा सोफा पांढरा आहे. चहा झाला की आपण निघालात तरी चालेल."

रिक्षात बसल्यावर दामल्यांनी हळूच विचारलं, "हे आता निघेल कशानं?"

म्हटलं, "केमिकलनं."