खाटेखालचं पोतं

श्वासानं दमा हलका होते म्हटलं, तर माह्यावर घरात कोणी विश्वास ठेवला नाही. दोन शब्द बोलली की मले धाप लागे. हिवाळ्यात स्वेटर विकाले येणाऱ्या तिबेटी पेमानं ते पाह्यलं अन् म्हणाली, "बहिन, पेट को मटका समझो. हवा भरो, रोको, धीरे छोड़ो." आठ दिवस तिच्या दुकानापाशी बसून केलं. छाती मोकळी झाली.

मग घरी खाटेवर बसून कराले लागली, तर पहिल्याच श्वासाले ठसका! रोज तेच. नाका-डोळ्यांतून पाणी.

नवरा हसे. "सोड वं हे थेर. उद्या डॉक्टरकडे चल अन् सुई घे."

"नाही सोडत! तिथं जमते, तर घरीच काहून नाही जमत?"

शेवटी पेमालेच घरी आणलं. ती माह्या बाजूले खाटेवर बसली, एक श्वास घेतला अन् लागोपाठ चार वेळा शिंकली. मी वाकून पाह्यलं. खाटेखाली, ट्रंकेच्या मागं, भिवापुरी मिरच्यांचं भरलेलं पोतं!

नवरा दारातच थबकला. "बहिणीसाठी घेतल्या होत्या. ओल लागू नये म्हणून तिथं ठेवल्या. तुले सांगाचं राहूनच गेलं."

लग्नाले बावीस वर्षं झाली होती, पण उखाण्याबाहेर मी कधी नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. त्या दिवशी अंगणात येऊन मटका गच्च भरला अन् गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईन असं, एका दमात घेतलं, "महादेव सीताराम ढोके!"