आईची कवळी

(वॉर्डातली कोपऱ्यातली खाट. पडदा ओढलेला.)

सिस्टर : ताई, हात काढा बघू मधून. कवळी काढल्याशिवाय तोंड कसं साफ करू मी?

मुलगी : काढू नका हो, सिस्टर. दात लावल्याशिवाय आई कधी बाबांसमोरही गेली नाही. झोपतानासुद्धा काढत नाही.

सिस्टर : झोपतानासुद्धा? अगं बाई! आणि हा अर्धांगाचा झटका आल्यापासून?

मुलगी : तेव्हापासून मीच करते सगळं. तिनं एवढंच मागितलं माझ्याकडे, कवळी काढायची नाही. पण गुळण्या रोज करून घेते हं मी. औषधाच्या.

सिस्टर : गुळण्यांनी काय होतंय, कपाळ! आजी, आ करा. अजून थोडं. शाब्बास... हं, निघाली एकदाची. इकडे बघा, ताई. तोंड काय फिरवताय?

मुलगी : शी! हे काय बुळबुळीत?

सिस्टर : जंतू. लाळेचा पातळ पापुद्रा धरतो ना कवळीवर, त्याला आधी थोडे चिकटतात. मग त्यांना दुसरे, दुसऱ्यांना तिसरे. एकमेकांना घट्ट धरून बसतात आणि वर हा चिकट थर करतात. घासल्याशिवाय हलायचे नाहीत. तुमचं औषध वरच्यावर वाहून जातं, आतले मजेत.

मुलगी : पण डॉक्टर तर न्यूमोनिया म्हणाले. छातीत.

सिस्टर : झटक्यानं गिळणं बिघडलंय त्यांचं. लाळ चुकून श्वासनळीत उतरते. आणि लाळेबरोबर हे सगळे.

मुलगी : म्हणजे मीच... देवा! मी तिची लाज राखत होते हो.

सिस्टर : रडायचं ते मागाहून रडा. ही वाटी धरा आधी. ऑक्सिजन पुरत नाहीये त्यांना. डॉक्टर आता नळी घालणार आहेत.

मुलगी : तोंडातून?

सिस्टर : तोंडातूनच. वरून पट्ट्या चिकटवतात, ओठसुद्धा दिसत नाहीत मग.

मुलगी : बोलता येईल?

सिस्टर : नळी असेपर्यंत नाही. आणि ती कधी निघेल, निघेल की नाही... खोटं कशाला सांगू? आजोबांना बोलवा. दोन शब्द बोलून घेऊ देत.

आई : दात... दे.

मुलगी : आता नाही गं देता येत, आई. बाबा दाराबाहेरच आहेत. सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नाही त्यांनी. बोलावू?

आई : नको.

मुलगी : आई, असं काय करतेस? नंतर बोलता नाही यायचं तुला. त्यांना कुठलं आलंय दातांचं! तुझा आवाज ऐकायचाय त्यांना.

सिस्टर : अहो आजी, नवरा आहे तो तुमचा. या वयात कसली लाज?

आई : नळी...

मुलगी : काय गं? भीती वाटते?

आई : नळी घातली... की बोलव.