सात नंबरची ओळ

(कुत्र्यांच्या पाहुणघराचं छोटं ऑफिस. मालक सुट्टीवर गेले की त्यांची कुत्री इथे राहायला येतात. ताई आणि तिचा धाकटा भाऊ कॉम्प्युटरसमोर बसलेत. खिडकीबाहेर अंगण आणि कुत्र्यांच्या खोल्यांची रांग.)

ताई : अरे, पण तक्त्यात ह्या कुत्र्याचं, पोत्याचं, नाव मोडलंय. वर 'पो', खाली 'तं'. मालकीणबाई बघतील तर काय म्हणतील?

भाऊ : रकाना अरुंद आहे म्हणून. ही उभी रेघ माउसने धरायची आणि उजवीकडे ओढायची. बघ, झाला रुंद.

ताई : मग चिमटीचा कशाला रुंद केलास? ती केवढीशी आहे!

भाऊ : ताई, रकाना सगळ्यांचा एकच असतो. कुत्र्याच्या अंगलोटाप्रमाणे नाही देता येत.

ताई : 'आमच्याकडे प्रत्येकाला त्याच्या मापाची जागा' असं वर ठळक अक्षरात तूच लिहिलंयस.

भाऊ : ती जाहिरात झाली. हा तक्ता आहे. नीट ऐक. एकेका कुत्र्याची एकेक आडवी ओळ. उभे रकाने चार: खोली, नाव, जेवण, शेरा. मालकांनी कुठूनही साइट उघडावी आणि आपलं लेकरू कसं आहे ते बघावं.

ताई : आणि ह्यांना दिसेल ना?

भाऊ : भाऊजींना? मोबाइलवर दिसेल, लिहितासुद्धा येईल. पण ते तर समोर अंगणात आहेत. खिडकीतून हाक मार की.

ताई : मी बोलत नाही त्यांच्याशी.

भाऊ : अजून? आठवडा होत आला!

ताई : म्हणून तर तुला तक्ता करायला बोलावलं. इथून मी लिहायचं, तिथून त्यांनी वाचायचं. तोंड उघडायला नको.

भाऊ : आणि मी इकडे ग्राहकांना आवडतील असे रंग निवडत बसलोय.

ताई : रंग चांगलेच आहेत. पुढे कर.

भाऊ : बरं. आता नावं अकारविल्हे लावून टाकतो. नावाच्या रकान्यावर एकदा क्लिक... झालं. चिमटी, पोतं, सरदार. कसं शिस्तीत दिसतंय!

ताई : शिस्तीत काय? हे गाद्या घेऊन कुठे पळतायत?

भाऊ : कोण?

ताई : अरे, हे! सरदाराला काखेत मारलंय बघ. एवढा दांडगा कुत्रा!

भाऊ : आलेच ते. भाऊजी, काय झालं?

भाऊजी : मेहुणे, तुमच्या ताईंना सांगा, बदल्या केल्या. चिमटी एकमध्ये, पोतं दोनमध्ये, सरदार तीनमध्ये. सरदार जायला तयार नव्हता. माझी कंबर गेली, पण तो गेला.

भाऊ : अहो, पण बदल्या करायला सांगितलं कोणी?

भाऊजी : तक्त्याने.

भाऊ : ती फक्त नावं हलली होती! खोल्यांचे आकडे जागच्या जागी राहिले. चूक माझी आहे.

भाऊजी : मी रेल्वेत उभा जन्म काढला, मेहुणे. बोर्डावर लागलं की लागलं. गाडी त्या फलाटावर का आणायची, असं आपण विचारत नाही. येतो मी.

ताई : बघितलंस? माणूस बोर्डाचं ऐकतो, बायकोचं नाही.

भाऊ : दोष माझाच. मी केलेला प्रत्येक बदल आपोआप साइटवर जातोय. ते बंद करायचं बटण इथेच कुठेतरी होतं.

ताई : तू डिझायनर ना रे?

भाऊ : आहे ना. जुन्या आवृत्तीचा. तोवर आपण साधं काहीतरी करू. तीन आणि चार नंबरच्या ओळींचं जेवण सारखंच आहे ना? मग ते दोन खण जोडून टाकू. दोन्ही निवडायचे आणि 'एकत्र करा'. अरेच्चा, खोलीचेच खण जोडले गेले वाटतं.

ताई : हा ठोकाठोकीचा आवाज कसला?

भाऊ : कसला?

ताई : तीन नंबरमधून येतोय. अगंबाई! मधली फळी काढतायत!

भाऊ : भाऊजी! भाऊजी, थांबा! हातोडी खाली ठेवा!

भाऊजी : मेहुणे, ताईंना सांगा, तीन आणि चार एक झाल्या. कल्पना उत्तम आहे. सरदार आणि चारमधली म्हातारी कुत्री आत्ताच एका गादीवर झोपलीसुद्धा.

ताई : त्यांना सांग, तीन-चार एक झाल्या असतील, पण काही माणसं अजून सात नंबरमध्येच झोपतात. कुत्र्याच्या खाटेवर. पाय बाहेर काढून.

भाऊजी : त्यांना सांगा, सातमध्ये वारा छान येतो.

भाऊ : अहो, मी मध्ये नुसता टपालपेटीसारखा उभा आहे. दोघंही माझ्या डोक्यावरून एकमेकांकडे बघताय, मग बोलायला काय होतं?

भाऊजी : मी जातो. फळी उचलून ठेवायचीय.

भाऊ : ताई, खरं सांग, असं काय म्हणाले ते?

ताई : तुला काय करायचंय?

भाऊ : माझ्या एका क्लिकवर भिंती पडतायत. मला कळायला हवं.

ताई : पोत्याच्या मालकीणबाई आल्या होत्या. मी सकाळी भांडी घासताना गाते, तुला माहितीय. तर त्यांच्यासमोर म्हणाले, 'ही गायला लागली की कुत्री रडतात.' त्या बाई एवढ्या हसल्या, एवढ्या हसल्या! मी पण हसले. मग आत येऊन नळ सोडून रडले. तेव्हापासून गाणं बंद आणि बोलणंही बंद.

भाऊ : भाऊजी पण ना! विचार न करता बोलून जातात.

ताई : सर इकडे. माउस दे. नवीन ओळ कशी घालायची?

भाऊ : शेवटच्या ओळीवर उजवं बटण दाब. 'खाली ओळ घाला'. काय लिहितेयस?

ताई : खोली : सात. नाव : नवरा. जेवण : ज्याचं त्याने. शेरा...

भाऊ : ताई, हे सगळ्या जगाला दिसतंय!

ताई : दिसू दे. जगासमोरच हसले होते. शेरा : जिभेला हाड नाही. झालं.

भाऊ : फोन वाजतोय. घे तूच, मी पुसतो ते.

ताई : हात लावलास तर बघ! हॅलो? हो, पाहुणघर. हो, बोला ना. कोण, सात नंबरचा? नाही हो, चावत नाही. हो, जुनाच आहे आमच्याकडे. नाही, त्याला कोणी न्यायला येणार नाही. भुंकतो, कधीकधी भलत्या वेळी. बरं, ठेवते.

भाऊ : कोण होतं?

ताई : चिमटीचे मालक. सात नंबरच्या शेजारी चिमटीला ठेवू नका म्हणाले.

भाऊ : ताई, इकडे बघ.

ताई : आता काय पाडलंस?

भाऊ : मी कीबोर्डला हात लावलेला नाही. सात नंबरच्या शेऱ्यात आपोआप अक्षरं उमटतायत. भाऊजी मोबाइलवरून लिहितायत.

ताई : वाच. माझा चष्मा कुठेतरी राहिलाय.

भाऊ : चष्मा डोळ्यांवरच आहे तुझ्या.

ताई : तरी वाच.

भाऊ : 'चुकलो. बाईंना हसवायला खोटं बोललो. कुत्री रडत नव्हती, सूर लावत होती. आता सकाळी सगळी गाण्याची वाट बघत तुझ्या खिडकीखाली येऊन बसतात. मीही बसतो.'

ताई : खण पुरतोय का रे एवढ्या मजकुराला?

भाऊ : पुरतोय. ओळ आपोआप उंच होते.

ताई : बसतात, हे खरं आहे. मी वरून बघायचे. मला वाटायचं, मेली खायला मागतायत.

भाऊ : मग आता काय करायचं?

ताई : तू काही करू नकोस. तुझ्या मदतीने एक भिंत आधीच गेलीय. खोलीच्या खणात नुसतं दोनदा क्लिक केलं की आधीचं खोडता येतं ना?

भाऊ : येतं.

ताई : मग 'सात' काढते. आणि इथे 'वरची'.

भाऊ : वरची? म्हणजे तुमची दोघांची खोली?

ताई : सगळं मोठ्याने म्हणायलाच हवं का तुला?

भाऊ : आले बघ धावत. गादीपण काखेत आहे.

भाऊजी : मेहुणे, तुमच्या ताईंना विचारा, तक्ता पुन्हा चुकला का?

ताई : मेहुण्यांना काय विचारता? मी इथे बसलेय ना.

भाऊजी : चुकला का गं?

ताई : नाही. गादी बाहेर झटका आधी, केस लागलेत तिला.