देवीवरचा आळ

मंडळी, कीर्तनाच्या आरंभी एक प्रश्न. कर्म आपलं आणि आळ देवावर – याला भक्ती म्हणायचं का? मागून कुणीतरी 'नाही' म्हणालं. थांबा! आधी ऐका, मग बोला.

खाडीच्या मुखाशी एक कोळीवाडा. पौष महिना. बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत घातलेले. पहिली रांग देवीची! होळीपर्यंत तिला हात लावायचा नाही, असा रिवाज.

तिथली चांगुणा. एकटी बाई, सगळं पोट त्या वलांडीवर. एका दुपारी आभाळ भरून आलं – पौषात! चांगुणाने भराभर आपले बोंबील काढले, देवीची रांगही काढून देवळात नेली. आणि मग असा पाऊस कोसळला, की बाकी गावाची मासळी नासली.

दुसऱ्या दिवशी देवळात गाव जमलं. मोठ्या होड्यांचा मालक धाकू नाखवा गरजला, "हिनं देवीची रांग काढली, म्हणून पाऊस आला! गुरव, कौल लावा. उजवी पाकळी पडली तर आईचा होकार, हिची वलांडी मोडायची!"

गुरवाने मूर्तीला लावायला पाकळी उचलली.

नाखवा म्हणाला, "नाक घास, चांगुणे. सुटशील."

"कशापायी? ढग दिसला म्हणून मी हात लावला. हात लावला म्हणून ढग आला नाही!"

"मग आई कोपली कशानं?"

"कोपली कोण म्हणतो? तुझ्या होडीचा धूर, पलीकडच्या कारखान्याचा धूर – हा काय आईनं पेटवला?"

मंडळी, नाखव्याला देवीचा कोप कळतो, डिझेलचा वास कळत नाही!

आता माझं ऐका. पृथ्वीभोवती वायूंची एक गोधडी आहे. ती नसती तर आपण गारठून मेलो असतो. पण आपण कोळसा जाळला, तेल जाळलं, आणि ती गोधडी जाड करत गेलो. समुद्र तापला. तापल्या समुद्रावरून वाफ जास्त उठते, आणि तीच अवेळी सरी होऊन कोसळते. एका सरीचा दोष एका धुराड्याला देता येत नाही, हे मी कबूल करते. पण ही गोधडी कुणी जाड केली, याबद्दल शंका उरलेली नाही. आपण!

चांगुणा गुरवाकडे वळली. "कौल लावाच, काका. पण प्रश्न माझा. आये, दर्या तापला तो तुझ्या कोपानं, की आमच्या धुरानं?"

"असलं विचारायचं नसतं!" नाखवा ओरडला.

"का रं? उत्तर ठाऊक हाय म्हणून?"

गुरवाने पाकळी परत ताटात ठेवली. "नाखवा, हे आईला कशाला विचारू? हे आपल्याला विचारायचं."

चांगुणा उठली, थेट वलांडीकडे गेली आणि पहिली रांग पुन्हा देवीची घातली. मोडायला कुणी आलं नाही!

आणि आपण? भरदुपारी मांडवात दिव्यांच्या माळा, मागे जनरेटरची घुरघुर. वर नवस – आई, पाऊस वेळेवर पाड! तो जनरेटर बंद केल्याने समुद्र निवणार नाही, मला ठाऊक आहे. पण आळ तरी देवीवर राहणार नाही. आणि उद्या कारखान्याच्या दारात जाब विचारायला आपलं तोंड राहील.

मंडळाचे अध्यक्ष, बंद करा तो!

...झाला बंद? मागच्या बायांनो, माझा आवाज येतो ना?

मग टाळ उचला!