सोसे

तुम्ही विचारता ना, ॲपची कल्पना सुचली कुठून? सासूबाईंच्या फोनवरून.

माझं माहेर जेऊरचं, सासर अक्कलकोटकडचं, घरात कन्नड बोलणारं. नवीन लग्न, त्यात माझ्या कॉम्प्युटर कोर्ससाठी ॲप बनवायचं होतं आणि विषय काही सापडत नव्हता. सासूबाई बहिणीशी फोनवर कन्नडमध्ये बोलायच्या. मला त्यातला एकच शब्द कळायचा, ‘सोसे’. एवढं काय सोसतात माझं, म्हणून मी मुकाट्याने कुढायचे. शेवटी धीर करून विचारलं, “आई, माझा फार त्रास होतो का हो?”

“कुणी सांगितलं?”

“तुम्हीच. सारखं सोसे, सोसे म्हणता.”

त्या हसून हसून खालीच बसल्या. “अगं, सोसे म्हंजे सून. सून लई गुणाची हाय, असं सांगत हुते की तिला.”

तिथंच विषय सापडला: कन्नड घरात आलेल्या मराठी सुनांसाठी शब्दांचं ॲप. पहिला शब्द सासूबाईंच्याच आवाजात रेकॉर्ड केला.

“आता दुसरा सांगा. सासूला काय म्हणतात?”

फोनजवळ तोंड नेऊन त्या ठणठणीत आवाजात म्हणाल्या, “अत्ती.”

मला मराठीत ‘अती’ ऐकू आलं, पण ते या वेळी मी सांगितलं नाही.