राजारामदादांचं अर्धं वाक्य

समारंभाचे अध्यक्ष सुबोध कर्णिक सर, मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष बळवंतदादा तांडेल, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते राजारामदादा वैती आणि मालनवहिनी, मुलुंडच्या आमच्या पक्षिमित्र मंडळाचे सभासद, आणि पुढच्या खुर्च्या रिकाम्या असूनही दाराशी बसलेली कोळीवाड्यातली मंडळी, तुम्हा सर्वांना नमिता सामंतचा नमस्कार.

मला सांगितलंय, पाच मिनिटं बोल आणि गोड बोल. पाच मिनिटांचं सांभाळते. गोडाचं जमेल असं वाटत नाही.

राजारामदादांनी तीस वर्षं आमच्यासारख्यांना होडीतून खाडी दाखवली. दुर्बिणी आमच्या गळ्यात, पण पाखरू आधी त्यांना दिसायचं. आम्ही पुस्तकात नाव शोधत बसलो की ओरडायचे, "कागदात काय बघतंस? वर बघ ना, चालला तो!" पाणचिरा मी पहिल्यांदा पाहिला तो त्यांच्याच होडीतून. लालसर मोठी चोच, तिचा खालचा भाग वरच्यापेक्षा लांब. तो पाण्यात धरून उडत जातो आणि मासा उचलतो. हा पक्षी आता जगात काही हजारच उरलाय. आपल्या खाडीच्या चिखलावर दर हिवाळ्यात दहा-बारा यायचे. आज त्या चिखलावर काय आहे, हे दाराशी बसलेल्यांना मी सांगायला हवं का? भराव आहे, आणि भरावावर गोदामं आहेत.

गोदामांच्या आधी पक्ष्यांची पाहणी झाली होती, सहा वर्षांपूर्वी. अहवालात लिहिलं होतं, 'धोक्यातली एकही प्रजाती आढळली नाही.' त्याखाली, 'पक्षी दिसत नाहीत: स्थानिक माहितगार, राजाराम वैती.' सहीसकट. जनसुनावणीत ते वाक्य माइकवर वाचलं गेलं. त्या दिवसापासून दादांना काय काय ऐकावं लागलं, ते मी या व्यासपीठावरून उच्चारणार नाही. 'राजारामने खाडी विकली' हे त्यातलं सर्वांत सौम्य. नारळी पौर्णिमेला दर्याला पहिला नारळ द्यायचा मान वैतींच्या घराण्याचा. तो काढून घेतला गेला. सहा वर्षं मालनवहिनी पौर्णिमेला दार लावून घरात बसल्या. आजही बळवंतदादा आमंत्रणाला मान देऊन आलेत, पण दादांच्या शेजारची एक खुर्ची सोडून बसलेत.

अध्यक्ष महाराज, तो अहवाल मी लिहिला होता.

कंपनीच्या नावाने गेला, म्हणून मंडळातही कुणाला ठाऊक नाही. अंधेरीच्या एका सल्लागार कंपनीत मी नोकरीला होते. पाहणीची वेळ साहेबांनी ठरवून दिली. चार दिवस, आणि चारही दिवस ऐन भरतीची. भरतीला चिखल पाण्याखाली जातो. चिखल नाही तर पक्षी उतरणार कुठे? प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या बाईला हे कळत नव्हतं, असा कृपा करून कुणी समज करून घेऊ नका. चांगलं कळत होतं.

शिवाय दादांनी तोंडावर सांगितलं होतं. "भरतीला पाखरां नाय दिसाची, बाय. सुकतीला ये. पानी उतरला की दावतो तुला लाल चोचीवाली." मी वहीत लिहिलं, 'पक्षी दिसत नाहीत.' आधीची भरती गाळली, नंतरची सुकती गाळली, आणि सहीसाठी कागद त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो वाचलाच नाही. म्हणाले, "तू लिवलंस ना? मंग काय वाचाचा!" वर मला चहा पाजला.

नोकरी जाईल अशी धमकी मला कुणी दिली नव्हती. बढती मिळणार होती. मिळाली.

सुनावणीनंतर दादा मला एकदाच भेटले, जेट्टीवर. मला वाटलं, शिव्या घालतील. घालायला हव्या होत्या. इतकंच म्हणाले, "सगळा लिवाला जागा नव्हती काय गं?" कोळीवाड्यात त्यांनी माझं नाव कधीच घेतलं नाही. का नाही घेतलं? परवा वहिनींना विचारलं, तर म्हणाल्या, "तुजा लगीन ठरला होता ना तवा. म्हनून गप ऱ्हायले." मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

आता दादा होडी विकून पालघरला मुलीकडे चाललेत. त्यांचं पूर्ण वाक्य मी आज सकाळी माझ्या सहीने, गोदामांना परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्यांकडे लेखी दिलंय. त्याने गोदामं हटणार नाहीत. पाणचिरेही परत येतील असं मला वाटत नाही. पाच हिवाळे मी ओहोटीला त्या भरावाच्या कडेला जाऊन बसते आहे, एकही उतरलेला नाही. सर घड्याळ बघतायत. संपवतेच.

कार्यक्रमपत्रिकेत छापलंय, 'शाल व श्रीफळ नमिता सामंत यांच्या हस्ते.' माझ्या हातून नको. शाल सरांनी घालावी. श्रीफळ मात्र बळवंतदादा, तुम्ही द्या. तुम्ही त्यांचा मान काढून घेतलात तो माझ्या खोट्यावर विसंबून.

शेवटी, बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर माफ करा, असं म्हणायची रीत आहे. आज बोलण्यात उणं काही ठेवलेलं नाही. उणं लिहिलं होतं ते मुद्दाम, आणि त्याची माफी या सभागृहात फक्त दोघं देऊ शकतात. त्यांच्याकडे ती मागायचं मला अजून धाडस होत नाही. शांतपणे ऐकून घेतलंत, मी आपली आभारी आहे.

बळवंतदादा, नारळ तिथे टेबलावर आहे.