स्लाइड नंबर ६१ ते ८४ बाबत

नाव: चंद्रभान गोपाळराव तितरमारे. वय: ५६ वर्षे. धंदा: नोकरी, प्रयोगशाळा तंत्रज्ञ. राहणार: नंदनवन, नागपूर. मूळ गाव: तालुका कुही.

दिनांक १८/११/२०२५ रोजी सकाळी ११.२० वाजता मी आपण होऊन ठाण्यात आलो आहे. मला कोणी बोलावले नाही, कोणी पाठवले नाही. विचारल्यावरून समक्ष सांगतो ते असे.

मी वरील पत्त्यावर पत्नी शामला हिच्यासह राहतो. सन १९९८ पासून शहरातील एका खाजगी कर्करोग संशोधन संस्थेत नोकरीस आहे. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवणे, त्याचे पातळ काप काढून काचेवर घेणे, रंग देणे व नोंद ठेवणे हे माझे काम आहे. ठोकळ्याला आम्ही ब्लॉक म्हणतो व काचेला स्लाइड.

संस्थेच्या कार्यालयाने दि. ६/११/२०२५ रोजी तक्रार दिली आहे की, प्रयोगशाळेतून दोन रजिस्टर, स्लाइडची एक पेटी व ब्लॉकचा एक ट्रे चोरीस गेला असून डॉ. उत्तरा मधुकरराव वझलवार, वय ५२, यांच्यावर संशय आहे. सदर वस्तू मॅडमनी चोरलेल्या नाहीत. त्या माझ्या ताब्यात होत्या. मी कुलूप उघडून त्यांना दिल्या व मीच ऑटोत ठेवल्या. आज त्या सोबत आणल्या असून हवालदार साहेबांनी मोजून घेतल्या आहेत.

मॅडम तोंडाच्या कॅन्सरवर संशोधन करतात. आमच्याकडे खर्रा, म्हणजे घोटलेली तंबाखू-सुपारी, खाणारे फार, त्यामुळे पेशंटची कमी नाही. सन २०१३ मध्ये त्यांनी ९६ पेशंटच्या गाठी तपासल्या. काही गाठींना रंग दिल्यावर तपकिरी डाग येत होता, काहींना येत नव्हता. ज्यांना डाग नाही त्यांचा आजार ऑपरेशननंतर सहसा परत येत नाही, त्यांना शेक, म्हणजे रेडिएशन, नाही दिले तरी चालेल, असे त्यातून निघाले. हा पेपर सन २०१५ मध्ये परदेशातील मासिकात छापून आला. मॅडमच्या नावावर एकूण ४१ पेपर आहेत, पण त्यांना लोक ओळखतात ते या एका पेपरमुळे. दुसऱ्या संशोधकाने आपल्या लिखाणात त्याचा आधार घेतला की एक सायटेशन मोजले जाते. या पेपरला मागील महिन्यापर्यंत १४१२ सायटेशन होते. संस्थेच्या माहितीपुस्तिकेत तो आकडा पहिल्या पानावर आहे.

सदर पेपरवर पाच नावे आहेत. चौथे नाव माझे आहे. मॅडमनी ते कोणाला न विचारता टाकले होते. माझे शिक्षण बी.एस्सी.पर्यंत असून माझ्या नावावर दुसरा पेपर नाही.

मॅडम रोज सकाळी कॉम्प्युटरवर आकडा पाहत व मला आवाज देत, "चंद्रभानभाऊ, दोन वाढले." हजार झाले तेव्हा पेढे आले. मी खाल्ला.

दि. ९/९/२०२५ रोजी हैदराबादच्या डॉ. करिष्मा नावाच्या संशोधक बाईंचा मेल आला. त्यांनी तोच प्रयोग दोनशे पेशंटवर करून पाहिला होता व त्यांना तसे उत्तर मिळत नव्हते. आमच्या मूळ स्लाइडचे फोटो मिळतील का, असे त्यांनी विचारले होते. भाषा चांगली होती. मॅडमनी मेल मला वाचून दाखवला. मी, "फोटो काढून देतो," म्हटले व बाहेर आलो. त्या दिवशी सुटी झाल्यावर मी घरी न जाता काही काम नसताना लकडगंजपर्यंत पायी गेलो व तसाच परत आलो.

तेव्हापासून मॅडम एका जागी बसत नव्हत्या. दोन स्लाइड पाहायच्या, उठायच्या, बाटलीतले पाणी प्यायच्या, परत बसायच्या. आकडा त्या अजूनही पाहत, पण मला आवाज देत नव्हत्या. आकडा वाढला असेल त्या दिवशी खुर्ची मागे सरकल्याचा आवाज येई. ज्या १४१२ पेपरांत आमचा आधार घेतला होता ते सगळे काढून त्या एकेक वाचायला लागल्या. नुसते नाव घेऊन पुढे गेलेले कोण व खरोखर पेशंटवर वापरलेले कोण, हे त्यांना पाहायचे होते. वापरलेले नऊ निघाले. नऊ दवाखाने. त्यातल्या एका दवाखान्याने आमच्या पेपरच्या भरवशावर ३८ पेशंटना शेक दिला नव्हता.

मी मॅडमला विचारले, "त्यातले किती जण बरे आहेत?" त्या म्हणाल्या, "तेच विचारलं आहे. उत्तर नाही आलं."

दि. १७/१०/२०२५ रोजी दुपारी ३ वाजताचे सुमारास मॅडम संचालक डॉ. सौरव आकरे यांच्या खोलीत गेल्या. मी ट्रे घेऊन बाहेर उभा होतो, दार उघडे होते. मॅडम म्हणाल्या, जुने ब्लॉक काढून सगळे परत तपासायचे आहे. डॉ. आकरे म्हणाले, "फेब्रुवारीत अनुदान ठरवणारी समिती येऊन राहिली आहे, मॅडम. आपल्या संस्थेचं नाव ज्या पेपरवर आहे तोच तुम्ही उकरून राहिल्या. चार महिने थांबा, मग करा काय करायचं ते."

मॅडम म्हणाल्या, "या चार महिन्यांत आणखी कोणाचा शेक टळला तर? त्याला कोणत्या तोंडानं सांगू, समिती येणार होती म्हणून?"

त्यावर डॉ. आकरे काय बोलले ते मी ऐकले नाही, कारण मी तिथून निघालो.

दि. ३१/१०/२०२५ रोजी सूचना लागली की, सन २०१६ पूर्वीची सर्व रजिस्टर व स्लाइड सोमवार दि. ३ रोजी दुपारी १२ पर्यंत कार्यालयात जमा करावीत. सोमवारी सकाळी १०.४० वाजता मॅडम माझ्याकडे आल्या व म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही नाही म्हणालात तरी मला राग येणार नाही." मी चावी काढली. मॅडमच्या घरी संस्थेचे फोन व माणसे येत राहतील म्हणून सामान नंदनवनला माझ्या घरी नेले.

ब्लॉकवर नंबर कोरलेला असतो, तो पुसत नाही. प्रत्येक तुकड्याचा आकार वेगळा असतो व त्याच्या कापाचा आकार तसाच येतो. त्यामुळे ब्लॉक व स्लाइड शेजारी ठेवले की दोन्हींची जोडी बरोबर आहे की नाही ते नुसत्या भिंगाने कळते. जेवणाच्या टेबलावर चादर अंथरून आम्ही नंबर १ पासून सुरुवात केली. पहिल्या दिवशी ४० पर्यंत सगळे बरोबर निघाले. मॅडम थोड्या हसल्या. मला जेवण गेले नाही. शामला म्हणाली, "काहून जेवून नाही राहिले तुम्ही? तब्येत बरी नाही का?" मी तिला काही सांगितले नाही.

दि. ४/११/२०२५ रोजी दुपारी ४ वाजता ५८ पर्यंत झाले. मॅडमनी ५९ उचलली. मी उभा राहिलो, बसलो, परत उभा राहिलो. मॅडम म्हणाल्या, "भाऊ, काय झालं? बसा ना."

मी म्हटले, "मॅडम, मले एक सांगाचं आहे. एकसष्टपासून चौऱ्याऐंशीपर्यंत पाहू नका. ते मले ठाऊक आहे."

मी त्यांना सांगितले ते असे. दि. २२/५/२०१३ रोजी दुपारी प्रयोगशाळेचा एसी बंद पडला होता. स्लाइडवर नंबर लिहिलेली कागदी लेबले गोंदाने लावलेली होती. काचेवर पेन्सिलीनेही नंबर घालायचा नियम आहे. त्या ट्रेला मी घाईत घातला नव्हता. जेवून आलो तर गोंद सुटून २४ लेबले ट्रेमध्ये पडलेली होती. कोणते कोणाचे ते मला कळले नाही. पडली होती त्या क्रमाने मी ती परत लावली. ब्लॉकशी जुळवून पाहायला दोन दिवस लागले असते, आणि मॅडमना तीन आठवड्यांत परिषदेला जायचे होते. ९६ मध्ये २४ ने काय होते, असे मला वाटले. नंतर उत्तर चांगले आले. नंतर पेपर छापून आला व त्यावर माझे नाव आले. मी ते पान कुहीला नेऊन वडिलांना दाखवले. त्यांना वाचता येत नव्हते, मी बोट ठेवून दाखवले. त्यानंतर सांगणे राहून गेले. दरवर्षी आकडा वाढत गेला व सांगणे अधिक कठीण होत गेले.

मॅडमनी विचारले, "तारीख कोणती म्हणालात?" मी परत सांगितली. त्यांनी ती लिहून घेतली. पेन बंद केले, परत उघडले. मग म्हणाल्या, "तेव्हा सांगितलं असतं तर मी काय केलं असतं, भाऊ?"

मी म्हटले, "रागावल्या असत्या."

"हो. एक दिवस. मग दुसऱ्या दिवशी आपण दोघांनी नव्या स्लाइड कापल्या असत्या."

त्या उठून गॅलरीत गेल्या. शामलाने चहा नेऊन ठेवला. त्या पाऊण तास तिथे उभ्या होत्या. खाली भाजीची गाडी आली व गेली. आत आल्यावर म्हणाल्या, "मीही विचारलं नाही. इतकं सुबक उत्तर कधी येत नाही. आलं तेव्हाच मी विचारायला पाहिजे होतं." चहा तसाच होता. मग त्यांनी ५९ परत हातात घेतली. ६१ ते ८४ सुद्धा त्यांनी एकेक पाहिल्या, माझे ऐकले नाही.

दि. ५ रोजी संध्याकाळपर्यंत ९६ पूर्ण झाल्या. चोवीसपैकी एकोणीस स्लाइड चुकीच्या नावावर होत्या. त्या योग्य नावावर लावून मॅडमनी परत हिशोब मांडला, तेव्हा डाग असणारे व नसणारे यांच्यात फरक उरला नाही. म्हणजे डाग नसणाऱ्या पेशंटनाही शेक पाहिजे होता.

दि. ७/११/२०२५ रोजी मॅडमनी मासिकाच्या संपादकांना पेपर मागे घेण्याचे पत्र पाठवले व नऊही दवाखान्यांना कळवले. पाठवण्यापूर्वी मला वाचायला दिले. त्यात लिहिले होते की, प्रयोगशाळेत लेबलची अदलाबदल झाली, जबाबदारी त्यांची स्वतःची. माझे नाव त्यात नव्हते. मी म्हटले, "मॅडम, हे खरं नाही." त्या म्हणाल्या, "पेपरवर पहिलं नाव माझं आहे ना? मग पत्रावरही माझंच राहील."

दि. १२ रोजी संस्थेने मॅडमना कामावरून थांबवले. मला कोणी काही विचारले नाही. मी रोज जाऊन सही करतो व बसतो. लोक मला म्हणतात, बाईंनी तुम्हालाही फसवले.

दि. १४ रोजी त्या एका दवाखान्याचे उत्तर आले. त्यांनी ३८ पेशंटना फोन करून परत बोलावले. ३१ आले. त्यातल्या दोघांच्या गळ्यात गाठ सापडली, लहान आहे, उपचार सुरू केले आहेत. सात जणांचा पत्ता लागला नाही. फोन लागत नाहीत. त्या सातपैकी कोणाचे नाव मला माहीत नाही, कोणत्या गावचे तेही माहीत नाही. मॅडमनी दवाखान्याला दुसरे पत्र टाकले आहे की, माणूस पाठवून घरी जाऊन पाहा. मॅडम फोनवर एवढेच म्हणाल्या, "एकतीस आले, भाऊ."

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. डॉ. वझलवार यांच्याविरुद्धची चोरीची तक्रार खोटी आहे. लेबलची गोष्ट त्यांना दि. ४/११/२०२५ पूर्वी माहीत नव्हती. मी हे दडपणाखाली सांगत नाही. शामलाला आज सकाळी सांगून आलो आहे.

वरील मजकूर हवालदार साहेबांनी मला मराठीत सावकाश वाचून दाखवला. लेबलच्या ठिकाणी साहेबांनी प्रथम "नजरचुकीने" असे लिहिले होते व तसेच राहू द्या, तुमच्या सोयीचे आहे, असे म्हणाले. माझ्या सांगण्यावरून तो शब्द काढला. त्याऐवजी, मला माहीत होते व मी बारा वर्षे सांगितले नाही, असे लिहायला सांगितले. आता मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.